आडवाटेने आलेले प्रोसेसर

एप्रिल १९७० मध्ये मासातोशी शिमा जपानहून कॅलिफोर्नियात आले ते तपासणीसाठी. त्यांच्या बिझीकॉम कंपनीने कॅल्क्युलेटरच्या चिप्स बनवण्याचं काम इंटेल नावाच्या नवख्या कंपनीला दिलं होतं. एव्हाना बरंचसं काम उरकलं असेल, आपण नुसती नजर टाकायची, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात कागदावरच्या आराखड्यापलीकडे काहीच सरकलेलं नव्हतं. ज्यांच्यावर ही जबाबदारी पडली होती ते फेडेरिको फॅजिन इंटेलमध्ये नुकतेच रुजू झाले होते. शिमा संतापले, आणि तो संताप रास्तच होता. पण पाय आपटत परत न जाता ते कॅलिफोर्नियातच थांबले आणि पुढचे काही महिने फॅजिन यांच्याबरोबर आकृत्या तपासत बसले.

बिझीकॉमला हवी होती ती फक्त कॅल्क्युलेटरची चिप, तीही एक नव्हे, वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या चिप्सचा मोठा संच. इंटेलच्या टेड हॉफ यांना हा पसारा महागात पडेल असं दिसलं. प्रत्येक कामासाठी वेगळी मंडलरचना करण्यापेक्षा एकच साधी, सर्व कामांना चालणारी चिप करावी आणि तिने काय करायचं ते स्मृतीत लिहिलेल्या सूचनांवर सोपवावं, ही त्यांची कल्पना. स्टॅन मेझर यांनी सूचनासंचात साथ दिली. पण कल्पना कागदावर असणं वेगळं आणि सिलिकॉनवर उतरणं वेगळं. तो भाग फॅजिन यांचा. सिलिकॉन गेटचं तंत्र त्यांनी आधीच्या नोकरीत, फेअरचाइल्डमध्ये विकसित केलं होतं. त्या तंत्राशिवाय इतके ट्रान्झिस्टर इतक्या थोड्या जागेत बसलेच नसते.

१९७० च्या अखेरीस चिप्स कोरलेल्या सिलिकॉनच्या पहिल्या चकत्या तयार होऊन आल्या तेव्हा एकही चिप चालली नाही. फॅजिन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा कळलं की कारखान्यात एक थर टाकायचाच राहून गेला होता. दोष आराखड्याचा नव्हता. जानेवारी १९७१ मध्ये नव्या चकत्या आल्या आणि चिप चालू लागली. तिचं नाव ४००४. तीन बाय चार मिलिमीटरच्या तुकड्यावर २,३०० ट्रान्झिस्टर आणि बाहेर काढलेल्या सोळा पिना. ती एका वेळी चार बिटांवर काम करत असे. फॅजिन यांनी तिच्या कडेला आपली आद्याक्षरं कोरून ठेवली.

पहिला मायक्रोप्रोसेसर नेमका कोणाचा, यावर वाद आहे. अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ विमानासाठी रे होल्ट आणि स्टीव्ह गेलर यांच्या गटाने १९७० मध्येच असा चिप्सचा संच पूर्ण केला होता, पण गोपनीयतेमुळे १९९८ पर्यंत त्याची वाच्यता झाली नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचाही दावा आहे. ४००४ चं महत्त्व निराळं आहे. बिझीकॉमला किमतीत सवलत हवी होती. ती देताना इंटेलने ही चिप इतर ग्राहकांनाही विकण्याचा हक्क मागून घेतला, आणि नोव्हेंबर १९७१ मध्ये जाहिरात देऊन ती बाजारात आणली. ज्याला हवी त्याने विकत घ्यावी आणि आपल्या कामाला लावावी, अशी ही पहिली चिप.

मायक्रोप्रोसेसरच्या पन्नासहून अधिक वर्षांकडे पाहताना हीच गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस येते. ज्या चिप्सनी जग बदललं त्या बहुतेक दुसऱ्याच कुठल्या तरी छोट्या कामासाठी मागवलेल्या, तात्पुरती सोय म्हणून केलेल्या किंवा मूळ ग्राहकाने नाकारलेल्या होत्या. उलट, उद्याचा संगणक म्हणून गाजावाजा करून, वर्षानुवर्षं खपून बांधलेल्या चिप्स बाजारात तोंडघशी पडल्या. ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी दुप्पट होतात या एका ओळीत हा इतिहास उरकायची सवय आपल्याला लागली आहे. ती ओळ खरी आहे, पण कोणती चिप टिकली आणि का टिकली, हे तिच्यातून कळत नाही.

ती ओळ गॉर्डन मूर यांची. १९ एप्रिल १९६५ च्या ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात त्यांनी एका चिपवरच्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत असल्याचं दाखवलं, आणि १९७५ मध्ये तो काळ दोन वर्षांवर नेला. हा निसर्गनियम नव्हे. तो एका उद्योगाने स्वतःपुढे ठेवलेला वेळापत्रकाचा तक्ता होता, आणि तो पाळण्यासाठी हजारो अभियंत्यांनी आयुष्यं घातली. त्याच्या जोडीला आणखी एक कमी गाजलेला नियम होता. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये दाखवलं की ट्रान्झिस्टर लहान करताना व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवलं, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढत नाही. म्हणजे लहान, वेगवान आणि थंड, तिन्ही एकाच वेळी. पुढची तीस वर्षं संगणक आपोआप वेगवान होत गेले ते या नियमाच्या जोरावर.

४००४ च्या पाठोपाठ एप्रिल १९७२ मध्ये आला ८००८, आठ बिटांचा. तोही कोणाच्या तरी नकारातून. टेक्सासमधल्या सान अँटोनियोच्या कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशनला आपल्या डेटापॉइंट २२०० या टर्मिनलसाठी एक चिप हवी होती. सूचनासंचही त्यांच्याच माणसांनी आखला होता. चिप तयार व्हायला उशीर झाला आणि ती पुरेशी वेगवान नव्हती, म्हणून त्यांनी ती घेतली नाही. हक्क इंटेलच्या पदरात पडले. डेटापॉइंटमधली स्मृती एकामागून एक बिट सरकवणारी होती, त्यामुळे बेरीज करताना संख्येचा लहान भाग आधी हाती येणं सोयीचं होतं. संख्येचा लहान भाग आधी ठेवायची ती रीत ८००८ मध्ये उतरली, तिथून ८०८० मध्ये, पुढे ८०८६ मध्ये. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असलेल्या आजच्या कोणत्याही लॅपटॉपमध्ये ती जशीच्या तशी आहे. ज्या यंत्राने ही चिप नाकारली, त्याची सवय मात्र अब्जावधी यंत्रांत शिल्लक राहिली.

त्या काळात मायक्रोप्रोसेसर सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हता. मोटोरोलाचे चक पेडल ६८०० ही चिप घेऊन ग्राहकांकडे फिरत होते. सगळ्यांना ती आवडायची आणि किंमत ऐकून सगळे मागे हटायचे. पंचवीस डॉलरला चिप द्यायला हवी, असं पेडल यांचं मत झालं. कंपनीने ते मनावर घेतलं नाही, तेव्हा १९७४ मध्ये ते काही सहकाऱ्यांसह मॉस टेक्नॉलॉजी या लहान कंपनीत गेले. सप्टेंबर १९७५ मध्ये सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात त्यांनी ६५०२ ही चिप पंचवीस डॉलरला विकली. प्रदर्शनाच्या आवारात विक्रीला बंदी, म्हणून जवळच्या हॉटेलातल्या खोलीत, चिप्सनी भरलेली काचेची बरणी समोर ठेवून. स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी ॲपलचे पहिले संगणक याच चिपवर बांधले. कमोडोर पेट आणि बीबीसी मायक्रोमध्येही तीच होती. दरम्यान फॅजिन आणि शिमा यांनी इंटेल सोडून झायलॉगमध्ये झेड-८० केला. १९७६ मध्ये आलेल्या या चिपच्या शेवटच्या मागण्या झायलॉगने २०२४ मध्ये घेतल्या.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या पिढ्यांना ८०८० च्या घराण्यातली वेगळीच चिप माहीत आहे. १९७६ चा इंटेल ८०८५, आणि त्याच्यासोबत रमेश गावकर यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक. प्रयोगशाळेतल्या किटच्या कीपॅडवर विद्यार्थी ३ई, ०५, ०६, ०७, ८०, ७६ असे सहा आकडे एकामागून एक भरतो. पहिल्या दोहोंचा अर्थ, ए रजिस्टरमध्ये पाच ठेव. पुढच्या दोहोंचा, बी रजिस्टरमध्ये सात ठेव. ८० म्हणजे बेरीज कर, ७६ म्हणजे थांब. मग ए रजिस्टर उघडून पाहिलं की लाल अक्षरांत ०सी उमटतं, म्हणजे बारा. हा धडा जुनाट आहे अशी तक्रार दरवर्षी होते, पण तिच्यात फारसं तथ्य नाही. प्रोसेसर नेमका काय करतो हे इतक्या उघडपणे दाखवणारं दुसरं साधन मिळणं कठीण. आणि ही चिप प्रयोगशाळेपुरती राहिली असंही नाही. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या गाडीत किरणोत्सर्गाला टिकणारा ८०सी८५ होता.

अंतराळात जुन्या चिप्स वापरण्यामागे कंजूषपणा नसतो. मोठ्या आकाराच्या ट्रान्झिस्टरला एखादा भरकटलेला कण सहज उलथवू शकत नाही. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीचा मुख्य प्रोसेसर १९९० च्या दशकातल्या पॉवरपीसीवर आधारित होता, तर तिच्यासोबत गेलेल्या इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरमध्ये फोनसाठी बनलेली स्नॅपड्रॅगन ८०१ होती. हिशेब करण्याच्या ताकदीत हे चिमुकलं हेलिकॉप्टर गाडीपेक्षा कितीतरी सरस होतं.

आता ८०८६ कडे. १९७५ पासून इंटेलची खरी उमेद होती आयएपीएक्स ४३२ या प्रकल्पावर. ३२ बिटांचा, आतूनच सुरक्षित, उच्चस्तरीय भाषांना साजेसा, म्हणजे उद्याचा संगणकच. तो रेंगाळला आणि स्पर्धक पुढे निघाले, तेव्हा मधल्या काळाची सोय म्हणून १६ बिटांची एक चिप करायचं ठरलं. तिचा सूचनासंच स्टीफन मोर्स यांनी आखला आणि १९७८ मध्ये ती २९,००० ट्रान्झिस्टरांसह बाजारात आली. ४३२ अखेर १९८१ मध्ये अवतरला तो एकाहून अधिक चिप्समध्ये पसरलेला आणि संथ. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी आणला आणि त्यात ८०८६ चीच स्वस्त आवृत्ती ८०८८ घातली. कारण आठ बिटांची मार्गिका असल्याने भोवतालचे सुटे भाग स्वस्तात मिळत होते. चिपचा पुरवठा एकाच कंपनीवर अवलंबून नको, या आयबीएमच्या आग्रहामुळे एएमडीलाही ती बनवण्याचा परवाना मिळाला. इंटेल आणि एएमडी यांची आजवर चाललेली झुंज त्या अटीतून उभी राहिली.

जुने प्रोग्राम नव्या चिपवर चालले पाहिजेत, हे वचन हीच या घराण्याची खरी पुंजी. ३८६, ४८६ आणि मार्च १९९३ मध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टरांचा पेंटियम. पेंटियम प्रकल्पाचं नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण दिल्लीचं. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पेंटियमच्या काळात प्रोसेसर एकेक सूचना पूर्ण करून मग पुढचीला हात घालत नव्हता. लग्नघरी पोळ्या करताना एकीने गोळे करायचे, दुसरीने लाटायच्या, तिसरीने भाजायच्या, म्हणजे एक पोळी व्हायला वेळ तेवढाच लागला तरी दर मिनिटाला तव्यावरून उतरणाऱ्या पोळ्या वाढतात, तशी ही रचना. अडचण येते ती प्रोग्राममध्ये फाटा फुटतो तेव्हा. पुढे डावीकडे जायचं की उजवीकडे, हे ठरायच्या आतच प्रोसेसर अंदाज बांधून काम सुरू करतो आणि अंदाज चुकला तर केलेलं टाकून देतो. अंदाजाची ही कला इतकी वाढली की तिच्यावरच वेग तोलला गेला. २०१८ च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी उघड झाल्या तेव्हा कळलं की टाकून दिलेल्या कामाच्या खुणा कॅश स्मृतीत उरतात आणि त्यांवरून गुपितं वाचता येतात. दोन दशकांच्या कौशल्याची ही किंमत होती.

पेंटियमची स्वतःची चूक मात्र साधी होती आणि तिने उद्योगाला मोठा धडा दिला. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या आकडेमोडीत १९९४ मध्ये विसंगती दिसू लागली. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागलं तर उत्तर १.३३३८२ यायला हवं, पेंटियम १.३३३७४ देत असे. भागाकारासाठी चिपमध्ये ठेवलेल्या १,०६६ नोंदींच्या तक्त्यात पाच नोंदी भरायच्या राहिल्या होत्या. सामान्य वापरात ही चूक क्वचितच आड येईल, असं इंटेलने आधी सांगून पाहिलं. ग्राहकांनी ते मानलं नाही. शेवटी मागेल त्याला चिप बदलून द्यावी लागली आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. अगदी आतल्या भागालाही ग्राहक नावाने ओळखू लागला की तो जाबही विचारतो, हे तेव्हा स्पष्ट झालं.

या सगळ्या काळात एक वेगळा विचार मूळ धरत होता. सूचना जितक्या जास्त आणि गुंतागुंतीच्या तितका प्रोसेसर चांगला, ही रूढ समजूत. आयबीएममध्ये जॉन कॉक, बर्कलेत डेव्हिड पॅटरसन आणि स्टॅनफर्डमध्ये जॉन हेनेसी यांनी तिला छेद दिला. सूचना थोड्या आणि साध्या ठेवल्या तर चिप लहान होते आणि प्रत्येक सूचना झटपट उरकते. हीच रिस्क पद्धत.

तिचा सर्वात मोठा लाभ उठवला तो केंब्रिजच्या एकॉर्न या कंपनीने, ब्रिटिश शाळांना बीबीसी मायक्रो पुरवणाऱ्या. पुढच्या संगणकासाठी त्यांना मनासारखा प्रोसेसर मिळेना. १९८३ मध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर अमेरिकेत ॲरिझोनाला गेले. तिथे ६५०२ ची पुढची आवृत्ती एका लहानशा चमूकडून, घरगुती म्हणावं अशा जागेत आकाराला येत होती. एवढ्या थोड्या लोकांना जमतं तर आपल्यालाही जमेल, हे दोघांच्या मनाने घेतलं. विल्सन यांनी सूचनासंच आखला, फर्बर यांनी रचना केली. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हाती आली आणि पहिल्याच झटक्यात चालली. ट्रान्झिस्टर अवघे २५,०००.

वीज किती लागते हे मोजायला फर्बर यांनी मीटर लावला तर काटा शून्यावर. चिप मात्र चालू. शोध घेतल्यावर कळलं की बोर्डावर विजेची जोडणीच झालेली नव्हती. बाकीच्या भागांकडून येणाऱ्या संकेतांच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर ती काम करत होती. कमी वीज हे तिचं उद्दिष्ट होतं ते स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात ती वितळू नये एवढ्यापुरतं. पुढे तोच गुण जगाला सर्वात जास्त हवा होईल, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं.

१९९० मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून एआरएम ही वेगळी कंपनी काढली. ती स्वतः चिप्स बनवण्याऐवजी आराखडे भाड्याने देऊ लागली. नोकियाच्या फोनपासून २००७ च्या आयफोनपर्यंत आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये तिचाच सूचनासंच आहे. आयफोनची चिप करण्याचा प्रस्ताव इंटेलकडे आला होता आणि किमतीचं गणित जुळेना म्हणून त्यांनी तो सोडला, हे इंटेलचे तेव्हाचे प्रमुख पॉल ओटेलिनी यांनीच पुढे सांगितलं. एआरएमच्या आराखड्यांवर आजवर ३०,००० कोटींहून अधिक चिप्स बनल्या आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम-१ ही १,६०० कोटी ट्रान्झिस्टरांची एआरएम चिप आपल्या संगणकांत घातली, आणि फोनच्या घराण्यातला प्रोसेसर लॅपटॉपवर जाऊन बसला.

इंटेलच्या बाजूला तोवर डेनार्ड यांचा नियम संपला होता. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले की बंद असतानाही त्यांतून वीज गळू लागली, व्होल्टेज आणखी उतरवता येईना आणि उष्णता वाढत गेली. पेंटियम ४ ची सारी रचना घड्याळाचा ठोका वाढवण्यासाठी होती. २००४ च्या आवृत्तीत सूचनेचा प्रवास ३१ टप्प्यांत चिरला होता. वेग ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला आणि गाडं अडलं. ४ गिगाहर्ट्झची चिप जाहीर करून इंटेलला त्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. १९७१ पासून चालत आलेला, दर नव्या यंत्राबरोबर फुकटात मिळणारा वेग तिथे थांबला. म्हणूनच वीस वर्षांनंतरही दुकानातल्या लॅपटॉपवरचा गिगाहर्ट्झचा आकडा फारसा हललेला दिसत नाही.

उपाय म्हणून एका चिपवर दोन, मग चार, मग अनेक गाभे, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे प्रोसेसर, आले. आयबीएमने २००१ मध्येच तसं केलं होतं, घरगुती संगणकांत ते २००५ पासून आलं. ओझं मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या खांद्यावर गेलं, कारण काम वाटून दिल्याशिवाय जास्तीच्या गाभ्यांचा उपयोग नाही. त्याच सुमारास इंटेलचा दुसरा महाप्रकल्प इटेनियम कोसळला. जुन्या प्रोग्रामांशी असलेलं नातं त्याने जवळपास तोडलं होतं. एएमडीने २००३ मध्ये जुन्याच ८०८६ च्या घराण्याला ६४ बिटांपर्यंत वाढवलं, आणि इंटेलला तोच मार्ग उचलावा लागला.

आडवाटेची ताजी कथा ग्राफिक्स चिपची. व्हिडिओ गेममधल्या पडद्यावरचे लाखो ठिपके एकाच वेळी रंगवायचे, तर हजारो साधी गणितं एकदम करणारी चिप लागते. एन्व्हिडियाने २००७ पासून कुडा या साधनाद्वारे तिच्यावर इतर गणितंही करायची सोय दिली. २०१२ मध्ये टोरँटो विद्यापीठाच्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रं ओळखणारं आपलं जाळं बाजारात मिळणाऱ्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवलं. आधीच्या सर्वोत्तम प्रयत्नांच्या २६ टक्क्यांच्या चुका त्यांनी १५ टक्क्यांवर आणल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेची आजची लाट गेमच्या कार्डांवर उठली ती अशी. एन्व्हिडियाच्या ब्लॅकवेल या चिपमध्ये दोन तुकडे जोडून २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत.

या चिप्स बनवणारे कारखाने मात्र बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, आणि या विषयातली खरी काळजीची बाब हीच. १९८७ मध्ये मॉरिस चांग यांनी तैवानमध्ये टीएसएमसी स्थापन केली ती फक्त इतरांच्या चिप्स बनवून देण्यासाठी. ॲपल, एन्व्हिडिया, एएमडी सगळे तिचे ग्राहक. तिला लागणारं सर्वात प्रगत छपाईयंत्र जगात एकच कंपनी बनवते, नेदरलँड्समधली एएसएमएल. त्यात सेकंदाला सुमारे ५०,००० कथिलाचे सूक्ष्म थेंब सोडले जातात आणि प्रत्येक थेंबावर लेसरचे दोन वार होतात, एक तो चपटा करायला, दुसरा त्याची वाफ करायला. त्यातून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश निघतो. हा प्रकाश हवेतही शोषला जातो आणि काचेतही, म्हणून सगळं काम निर्वात पोकळीत, भिंगांऐवजी आरशांनी करावं लागतं. जाहिरातीतला ‘३ नॅनोमीटर’ हा आकडा आता चिपवरच्या कोणत्याही भागाचं खरं माप नाही, ते त्या पिढीचं नाव आहे.

जुन्या पिढीच्या चिप्स दुय्यम नव्हेत, हे २०२१ च्या टंचाईने दाखवलं. मोटारींना लागतात त्या बहुतेक जुन्या तंत्राच्या, स्वस्त चिप्स. त्या मिळेनात म्हणून जगभरचे कारखाने थांबले. महिंद्रानेही सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मोटार कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवत असल्याचं जाहीर केलं.

भारताने ही वाट फार उशिरा धरली असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ पासून चिप्स बनत होत्या. फेब्रुवारी १९८९ च्या आगीत तो कारखाना जळाला आणि पुन्हा उभा राहीपर्यंत जग कितीतरी पुढे गेलं. पुण्याची कथा उमेद देणारी आहे. अमेरिकेने क्रे महासंगणक नाकारल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक हे संगणक संशोधन केंद्र स्थापन झालं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. एकच महाकाय प्रोसेसर मिळवण्याचा नाद सोडून त्यांनी ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर हे ६४ लहान प्रोसेसर एकत्र जुंपले. पुढे सगळ्या जगाचे महासंगणक अनेक लहान प्रोसेसर जोडण्याच्या त्याच वाटेने गेले.

त्यानंतर स्वतःच्या प्रोसेसरचेही प्रयत्न झाले. आयआयटी मद्रासने २०१८ मध्ये शक्ती, आयआयटी मुंबईने २०१९ मध्ये अजित जाहीर केला. इस्रोचा १६ बिटांचा विक्रम १६०१ २००९ पासून प्रक्षेपकांत आहे, आणि त्याचा ३२ बिटांचा वारस विक्रम ३२०१ मार्च २०२५ मध्ये सुपूर्द झाला. अजित आणि विक्रम ३२०१ या दोन्ही चिप्स मोहालीतच, १८० नॅनोमीटरच्या तंत्रावर बनल्या. हे तंत्र १९९९ च्या सुमाराचं आहे म्हणून नाक मुरडणारे आहेत. प्रक्षेपक, रेल्वे, वीजमीटर, पंप यांना ते पुरेसं आहे, आणि ते आपलं आहे. फोनच्या बाजारात तैवानशी टक्कर घेण्याच्या घोषणांपेक्षा अशा चिप्सची खात्रीची मागणी सरकारी खरेदीतून उभी करणं अधिक गरजेचं आहे. धोलेऱ्यात टाटांचा २८ नॅनोमीटरपर्यंतचा कारखाना येत आहे. त्याच्यासमोरही पहिला प्रश्न ग्राहकांचाच असेल.

प्रोसेसर आखण्याच्या आड येणारी एक मोठी भिंत मात्र पडली आहे. बर्कलेत २०१० मध्ये सुरू झालेला रिस्क-फाइव्ह हा सूचनासंच कोणालाही, कोणतंही शुल्क न भरता वापरता येतो. शक्ती त्यावरच आधारलेला आहे. चिप आखायला लागणारी महागडी सॉफ्टवेअर केंद्राच्या योजनेतून, सी-डॅकच्या चिपइन केंद्रामार्फत महाविद्यालयांना उपलब्ध होतात, आणि विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप्स मोहालीत प्रत्यक्ष बनूनही आल्या आहेत. महाराष्ट्रातल्या प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने या योजनेत नाव नोंदवावं, आणि ८०८५ चा प्रयोग झाल्यावर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक छोटा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर स्वतः आखायला द्यावा.